अप्पांचं निथळलेलं ब्रेक ऑइल

ब्रेकची लिव्हर ते दोन बोटांनी दाबायचे, वैद्यानं नाडी धरावी तशी. मान एका बाजूला कललेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि तोंडानं कानडीत मोजणं: ओंदु, एरडु, मूरु. मग डोळे उघडून समोर उभ्या असलेल्या गाडीमालकाकडं बघायचे आणि निकाल द्यायचे, "हवा हाय आत. घरीच होतंय की."

"घरीच होतंय की" हे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध होतं. दाढ ठणकली, घरीच होतंय. मीटरमधून धूर निघाला, घरीच होतंय. जगात शिकून-सवरून एखादं काम करणारी माणसं असतात, ही गोष्ट त्यांनी कधी मनापासून मानलीच नाही. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. सगळे त्याला मोठा कर्ता म्हणतात आणि त्यानं केलेली दुरुस्ती पुन्हा दुरुस्त करायला गुपचूप बाजारात जातात.

मी त्यांना अप्पा म्हणायचे. उदगीरच्या आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात एक अप्पा आहे, त्यामुळं नाव न सांगता लिहिता येतं. ते आता नाहीत, वयानं गेले. गेलेल्या माणसाबद्दल जरा सांभाळून लिही, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. मी सांभाळून लिहिणार नाही. रस्त्यावर गेलेल्यांबद्दल आपण इतकी वर्षं सांभाळूनच बोलत आलो. काळानं घाला घातला म्हणतो आणि तेराव्याला जेवून येतो. काळ कुणाच्या गाडीचे ब्रेक खोलत नाही. माणसं खोलतात.

आम्ही पाच-सहा जण रस्ता सुरक्षेचं काम करतो. चौकात उभं राहतो, पत्रकं वाटतो, शिव्या खातो. पत्रकं लिहिणं माझ्याकडं. 'हेल्मेट डिक्कीत ठेवून डोकं वाचत नाही' हे माझंच. पण ज्या घराच्या भिंतीला आमची भिंत लागून होती, त्याच घराच्या ओट्यावर दर रविवारी काय चाललंय, हे मला दिसत असूनही त्यावर पत्रक काढायला मी दोन वर्षं घेतली. शेजारधर्म. त्याचा मला आजही राग येतो.

अप्पांचं बाजारात सुट्या तेलाचं दुकान होतं. करडई, शेंगदाणा, जवस. गुडघे गेले तसं त्यांनी दुकान बंद केलं आणि हात रिकामे झाले. त्यांची मुलगी महानंदा आरोग्यसेविका, जळकोटकडच्या एका उपकेंद्रावर. तांड्यावरच्या रस्त्याला स्कूटी टिकत नाही, चाकं लहान म्हणून आपटते, तेव्हा ती मोटारसायकल चालवायची. पुढं डिस्क ब्रेक, मागं ड्रम. त्या डिस्क ब्रेकमधली हवा कशी काढायची, याचा एक व्हिडिओ अप्पांनी मोबाइलवर बघितला. अर्धाच बघितला. उरलेल्या अर्ध्यात काढलेल्या ऑइलचं काय करायचं ते असणार, आणि नेमकं तेच त्यांनी बघितलं नाही, हे मी कधी विसरले नाही.

आता खरं ते लिहिते. हवा ते उत्तम काढायचे. रविवारी पूजा आटोपली की ओट्यासमोर गाड्या लागायच्या. अप्पा पाटावर बसायचे, चाकापाशी असलेल्या निपलला, म्हणजे ऑइल सोडायच्या बारक्या तोटीला, पारदर्शक नळी लावायचे, नळीचं दुसरं टोक बाटलीत बुडवायचे. गाडीवाला लिव्हरपाशी.

"दाब. धरून ठेव."

आठ नंबरच्या पान्यानं निपल पाव फेरा उघडायचं, काळं ऑइल बुडबुड्यासकट नळीत यायचं, निपल बंद.

"आता सोड. आरं, मी म्हणल्याबिगर सोडू नको. ढोराचा कासरा हाय व्हय तो?"

असं वीस वेळा, तीस वेळा. हँडलवरची ऑइलची टाकी कोरडी पडू द्यायचे नाहीत. नळीत शेवटचा बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत उठायचे नाहीत. एवढी चिकाटी मी मोठ्या शोरूममध्ये बघितली नाही. आणि हे सगळं फुकट. फुकट म्हणून गल्ली खूश. फुकट मिळालेल्या गोष्टीत मरण असलं तरी आपली माणसं पिशवी घेऊन उभी राहतात.

पण खरा उद्योग पुढंच होता. बाटलीत जमलेलं काळं ऑइल अप्पा फेकायचे नाहीत. काचेच्या मोठ्या बरणीत ओतायचे, बरणीवर पातळ फडकं बांधायचे आणि कंपाउंडच्या भिंतीवर आठ दिवस उन्हात ठेवायचे. गाळ खाली बसला की वरचं निथळून घ्यायचं, पुन्हा फडक्यातून गाळायचं, आणि पुढच्या रविवारी ते दुसऱ्याच्या ब्रेकमध्ये. बाजारातला नवा, सीलबंद डबा कपाटात देवासारखा बसलेला असायचा. अडीनडीला.

तेलाच्या दुकानात ही रीत बरोबर होती. करडईचं तेल घाण्यावरून आलं की बसू द्यायचं, निथळायचं, मग विकायचं. घाईनं विकणारा व्यापारी त्या पेठेत हलका समजला जायचा. अप्पांना एवढंच माहीत होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी अख्ख्या गल्लीचे ब्रेक चालवले.

एकदा एका गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवर त्यांच्या हातून चार थेंब सांडले. दुसऱ्या दिवशी तिथला रंग सोलून निघाला. साधं तेल रंग खात नाही, एवढं तरी तेलाच्या व्यापाऱ्याला कळावं. अप्पांनी तो डाग नखानं खरवडून बघितला आणि म्हणाले, "कंपनीचा रंगच कच्चा."

शेवटी मी पत्रक काढलं. 'घरचा ब्रेक, घरचं मरण.' खाली सोप्या भाषेत लिहिलं की ब्रेकमधलं ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, उघडं ठेवलं की लवकर बिघडतं, एकदा काढलेलं पुन्हा कधीच घालायचं नाही, घालायचं ते सीलबंद डब्यातलंच. पहिली प्रत अप्पांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली. मग उभ्या-उभ्या त्या कागदाचा शंकू केला, टोक दातानं तोडलं आणि त्यातून बरणीतलं ऑइल बाटलीत ओतलं.

"कागद चांगला हाय," म्हणाले. "गळत न्हाई."

गल्ली हसली. मीही हसायला हवं होतं, असं नंतर काही जण म्हणाले.

"अप्पा, त्यात पाणी मुरतंय."

"तेलात पाणी मुरत न्हाई, पोरी. जलमभर तेल इकलंय मी. तू पत्रकं इकायलीस, ते बी फुकट."

मी घरातून दोन काचेचे ग्लास आणले. एकात त्यांच्याच घरचं करडईचं तेल, दुसऱ्यात त्यांच्याच बरणीतलं निथळलेलं ऑइल. दोन्हीत चमचाभर पाणी ओतलं आणि ढवळलं. तेलातलं पाणी थेंब-थेंब होऊन सावकाश तळाला गेलं. ऑइलमधलं पाणी कुठं गेलं ते दिसलंच नाही. सगळे वाकून बघत होते. समोरच्या घरातले निवृत्त कारकून काका सगळ्यात पुढं.

अप्पांनी दुसरा ग्लास उन्हाकडं धरला. बराच वेळ.

"बसंल," म्हणाले.

"काय बसंल?"

"पाणी. आठ दिवस ठेव भिंतीवर. आत्ता ढवळलंय तू, बिचकलंय. बसंल."

आणि दोन्ही ग्लास झाकण ठेवून भिंतीवर ठेवून दिले. त्याच रविवारी त्यांनी महानंदाच्या गाडीत गेल्या आठवड्याचं निथळलेलं ऑइल भरलं. श्रावण चालू होता. बरणीवर ऊन कमी आणि दमट हवाच जास्त, असे दिवस. मी महानंदाला सांगितलं, गाडी पाशाभाईकडं ने. पाशाभाई म्हणजे नाक्यावरचा मिस्त्री, अप्पांच्या मते उदगीरमधला सगळ्यात मोठा चोर. ती म्हणाली, "नेते गं. अप्पा झोपल्यावर नेते." नेली नाही. बापाचं मन मोडायचं नाही म्हणून मुली काय-काय अंगावर घेतात, त्याचं एक वेगळं पत्रक होईल.

बुधवारी ती तांड्यावरून लसीकरण करून खाली येत होती. मागं लसीचा डबा बांधलेला. तिथली उतरण लांब आहे आणि रस्त्यावर खडी पसरलेली. मागचा ब्रेक नावालाच, म्हणून ती पुढचा ब्रेक सारखा धरून उतरत होती. अर्ध्यात लिव्हर मऊ पडली. मग ती सरळ मुठीला टेकली आणि गाडी थांबेना. खाली वळणावर शाळेतून सुटलेली पोरं रस्ता ओलांडत होती. तिनं गिअर पाडला आणि गाडी कडेच्या मुरुमाच्या ढिगात घातली. मनगट मोडलं. लसीचा डबा उघडून बर्फासकट रस्त्यावर सांडला, डोस वाया गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोतून घरी आली. पुढचा मडगार्ड वाकलेला, दिवा फुटलेला. ओट्यासमोर गर्दी. अप्पा आले, वाकले, दोन बोटांनी लिव्हर धरली. ओंदु, एरडु, मूरु.

"घट्ट हाय," म्हणाले. "ब्रेकला काय बी झालं न्हाई."

आणि लिव्हर खरंच घट्ट होती. नीट समजून घ्या, कारण हीच त्या चुकीची हलकट बाजू आहे. ब्रेक तापला की ऑइलमध्ये मुरलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर मुठीला टेकते आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. गाडी थंड झाली की वाफ पुन्हा पाणी होते आणि लिव्हर शहाण्यासारखी जागेवर येते. माणूस मोडून ठेवायचा आणि आपला पुरावा आपणच पुसून टाकायचा, अशी ती चूक.

समोरचे काका लगेच म्हणाले, "मग पोरीनंच घाबरून सोडला असंल. बाईमाणसाच्या हाताला कुठं तेवढा जोर ऱ्हातंय?"

दोघांनी मान हलवली. अप्पांची बोटं लिव्हरवरच होती. महानंदा दारात उभी होती, हात गळ्यात बांधलेला.

"अप्पा, लिव्हर मुठीला टेकली होती," ती म्हणाली.

अप्पांनी तिच्याकडं न बघता लिव्हर अजून एकदा दाबली. "आता टेकत न्हाई की."

हे वाक्य मी त्यांना माफ केलेलं नाही. पुढं जे झालं ते धरूनही नाही. भर गल्लीत, मोडक्या हाताच्या मुलीला, तिच्याच जिवावर बेतलेल्या गोष्टीबद्दल बापानं खोटं पाडलं, आणि वर आपल्याला काही चुकल्याचं वाटलं नाही. मी तिथंच बोलले. वाफ, पाणी, सगळं बोलले. लोकांनी माझ्याकडं बघितलं, बरणीकडं बघितलं आणि अप्पांकडं बघितलं. अप्पा फुकट करायचे. मी फुकट बोलायचे. लोक घरी गेले.

त्यात आरोग्य केंद्रातून पत्र आलं. डोस वाया कसे गेले, याचा लेखी खुलासा सादर करावा. आणि तोंडी निरोप असा, की गाडी सांभाळता येत नसेल तर तांड्याची फेरी दुसऱ्याकडं देऊ, तुम्ही रजिस्टरवर बसा. तुम्हाला यात विशेष वाटणार नाही, टेबलावरचं काम म्हणजे सुखाचं. पण महानंदा यायच्या आधी त्या तांड्यावर लस जीप मिळेल तेव्हा जायची, आणि जीप क्वचित मिळायची. त्या बाया हिच्या गाडीचा आवाज ओळखायच्या. "मला टेबलावर बसवतील गं," एवढंच ती दोन दिवस म्हणत होती.

रविवार आला. नेहमीप्रमाणे चार-पाच गाड्या लागल्या. अप्पा भिंतीपाशी गेले आणि दोन्ही ग्लास खाली काढले. करडईच्या ग्लासात तळाला पाणी स्वच्छ बसलेलं, वर सोनेरी तेल. दुसऱ्या ग्लासात वरपासून खालपर्यंत एकच रंग. पाणी बसलं नव्हतं. त्यांनी ग्लास तिरका केला, उन्हात धरला, बोट बुडवून ते जिभेकडं न्यायला लागले. मी हात धरला.

"अप्पा, विष आहे ते."

त्यांनी बोट सदऱ्याला पुसलं. गाड्यांकडं वळून म्हणाले, "आज न्हाई." ग्लास घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं.

बस, एवढंच. मला वाटलं होतं, आता तरी चार माणसांत बोलतील. जमलेले लोक समजले की अप्पांना पोरीच्या काळजीनं बरं वाटत नाही. बिच्चारे अप्पा. मी भिंतीवरची बरणी उचलली आणि त्यांच्या बंद दारासमोर नेऊन ठेवली. ती दोन दिवस तिथंच होती. घरातली माणसं तिला वळसा घालून ये-जा करत होती.

मंगळवारी सकाळी महानंदानं मला बोलावलं. खुलासा लिहून झाला होता, डाव्या हातानं, वेडावाकडा. "भाषा बघ जरा," म्हणाली. मी वाचलं. 'उतारावर माझ्याकडून वेळेवर ब्रेक लागला नाही, याबद्दल मी दिलगीर आहे.'

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"मग काय लिहू? माझ्या वडलांनी जुनं ऑइल गाळून घातलं असं लिहू? चार लोकांत तोंड कसं दाखवतील ते?"

"तुझं तोंड?"

"माझं मी बघते. टेबल तर टेबल."

"आणि तांडा?"

तिनं पेनाचं टोपण लावलं. आतल्या खोलीत अप्पांची पूजा चालली होती, घंटी वाजत होती. घंटी थांबली. अप्पा कपाळाला भस्म लावलेले तसेच बाहेर आले, कागद घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला. मला वाटलं, याचाही शंकू करतील. त्यांनी कागदाची चार वेळा घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि टोपी घातली.

"पोरी, गाडी ढकलायला चल," मला म्हणाले.

नाक्यापर्यंत बाजारातून जावं लागतं. अप्पा हँडल धरून, मी मागून ढकलत. त्यांचे गुडघे दर दहा पावलांना थांबायला लावायचे. ज्या पेठेत त्यांचं दुकान होतं, तिथूनच वाट. गादीवर बसलेला प्रत्येक जण विचारत होता, "अप्पा, गाडी ढकलत? घरी न्हाई जमलं का?" अप्पा टोपी पुढं ओढून पुन्हा हँडल धरत होते. मला त्यांची कीव आली नाही, हे लिहून ठेवते. मला वाटत होतं, बाजार अजून लांब असता तर बरं.

पाशाभाई गाडीखालून निघून उभा राहिला. दुकानात गाड्या दुरुस्तीला आणलेली चार-सहा माणसं होती.

"अप्पा, तुम? हमारे पास?"

"हिचं ब्रेक ऑइल बघ," अप्पा म्हणाले. आवाज दुकानात सगळ्यांना जाईल असा होता. "मी घातलंय. जुनंच. गाळून, आठ दिवस बसवून. पोरगी उतारावर ब्रेक धरून आली आन् तो गेला. पोरीचं चुकलं न्हाई."

पाशाभाईनं वरच्या टाकीचं झाकण काढून आत बघितलं. बोटानं एक थेंब घेऊन अंगठ्यावर चोळला. एवढ्या वर्षांचा 'चोर' शब्द त्याच्या कानावर आलेला नसेल असं नाही. त्यानं अंगठा फडक्याला पुसला.

"लिहून दे," अप्पा म्हणाले. "सरकारी कामाला लागतंय."

पाशाभाईनं पावतीपुस्तक ओढलं. "ब्रेक फेल लिखतूं ना. तुम्हारा नाव कायकू डालना, अप्पा?"

"माझं घाल. माझं न्हाई घातलं तर पोरीचं जातंय."

त्यानं लिहिलं. मराठी कच्चं होतं, म्हणून अप्पांनी एकेक शब्द सांगितला, आणि स्वतःचं नाव आडनावासकट सावकाश, दोनदा. खाली सही केली. खिशातला घडी केलेला कागद काढून फाडला आणि तुकडे परत खिशात ठेवले, दुकानात टाकले नाहीत. पावती नव्या खुलाशाला जोडली गेली. प्लास्टर निघाल्यावर महानंदा तांड्यावर पुन्हा गाडीनंच गेली. बापानं लेकीची माफी मागितल्याचं मला कुणी सांगितलं नाही, आणि मागितली असेल असं मला वाटतही नाही. रविवारची रांग बंद झाली. लोक म्हणाले, अप्पांचं वय झालं.

पाशाभाईनं त्या दिवशी गाडी लगेच घेतली. कपाटातून नवा डबा काढला आणि सील अप्पांच्या डोळ्यांसमोर फोडलं. निपलला नळी लावली. काळपट ऑइल नळीतून उतरायला लागलं, तसे अप्पा वाकून अगदी जवळ आले, इतके की चाकावर त्यांची सावली पडली.

"अप्पा, उजेड सोडो जरा," पाशाभाई वर न बघता म्हणाला.

आजवर कुणी अप्पांना सरका म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. अप्पांनी पायजमा घोट्याच्या वर धरला, जमिनीवरचं ग्रीस चुकवत दोन पावलं मागं गेले आणि जुन्या टायरांच्या ढिगाला टेकून पाशाभाईचे हात बघत राहिले.